समुद्री कृमींच्या अळ्या वर्गात वाढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपली की प्राणिशास्त्र शिकवणाऱ्यांचे मेसेज यायला लागतात. काही फोटोंसह, काही हताश. "सर, सगळ्या मेल्या" हा त्यातला सर्वाधिक येणारा मजकूर. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. आधी वाचा, तरीही अडलं तर विचारा.

१. नेमके कोणते कृमी? गांडुळासारखे का?

नात्यानं गांडुळाचे चुलतभाऊ, पण राहणी वेगळी. आम्ही वापरतो ते हायड्रॉइड्स, चुन्याच्या नळीत राहणारे वलयी कृमी. बंदरातल्या दोरावर, होडीच्या बुडाला, कालवांच्या शिंपल्यांवर पांढऱ्या, वेड्यावाकड्या, खडूच्या काडीपेक्षा बारीक नळ्यांचा गुंता तुम्ही नक्की पाहिला असेल. प्रत्येक नळीत एक कृमी. तोंडाशी पिसांसारखा कल्ल्यांचा झुपका, आणि आत शिरताना दार लावावं तसं एक झाकण. त्या झाकणावर काट्यांचा छोटा मुकुट दिसला की हायड्रॉइड्स समजा. बंदरांमध्ये बहुतेक वेळा सापडणारी जात हायड्रॉइड्स एलेगन्स. तिचं वर्णन १८८३ मध्ये सिडनीच्या बंदरातल्या नमुन्यांवरून झालं, आज ती जगभरच्या उबदार बंदरांत आहे.

'अळी' हा शब्द इथे लार्व्हा या अर्थानं. भाजीतली अळी डोक्यातून काढून टाका.

२. पुस्तकात तर नीरिस आहे. मग नीरिसच का घेत नाही?

कारण नीरिस, म्हणजे पाठ्यपुस्तकातला नेहमीचा समुद्री वलयी कृमी, आपल्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही. प्रजननाच्या वेळी त्याचं अंग बदलतं, तो हेटरोनीरिस होतो, रात्री पाण्यावर येऊन अंडी-शुक्राणू सोडतो आणि मरतो. प्रॅक्टिकल मंगळवारी दुपारी दोन वाजता असतं. हायड्रॉइड्सची नळी मोडली की पिकलेला प्राणी काही मिनिटांत अंडी किंवा शुक्राणू सोडतो, मग मंगळवार असो की शनिवार.

दुसरं कारण पारदर्शकपणाचं. नीरिसच्या कुळातली अंडी बरीच पिवळ्या बलकाची, तेलाच्या थेंबांनी भरलेली असतात. त्या अळ्या सुरुवातीचे दिवस शिदोरीवरच काढतात. हायड्रॉइड्सचं अंडं इवलंसं, ४५ ते ५० मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). शिदोरी जवळजवळ नाहीच, त्यामुळे अळीला दुसऱ्या दिवसापासून खावं लागतं. ती खाताना दिसते, गिळलेलं पोटात फिरताना दिसतं. शिकवणाऱ्याला आणखी काय हवं?

३. हे मिळतात कुठे? तोडून आणलं तर चालतं का?

मासेमारीच्या धक्क्यावर जा. महिनाभर पाण्यात लटकलेला जुना दोर, टायर, तुटका क्रेट शोधा. होडी दुरुस्तीला किनाऱ्यावर ओढली की तिचं बूड खरवडतात. मालकाला विचारलंत तर तो आनंदानं देईल, त्याला तो कचराच आहे. मात्र खरवडलेला माल उन्हात तास-दोन तास पडला असेल तर घेऊ नका. आणि बुडाला विषारी रंग लावलेला असतो, त्याच्या खपल्या सोबत आणू नका.

स्वतःची सोय हवी असेल तर कौलाचे चार तुकडे दोरीला बांधून धक्क्याखाली सोडा. पावसाळ्यानंतर साधारण महिन्या-दीड महिन्यात त्यावर पिकलेले कृमी मिळतात.

प्रवाळाला हात लावायचा नाही. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. मालवणच्या सागरी अभयारण्यातून तर परवानगीशिवाय काहीच आणायचं नाही. बंदरात एवढा माल असताना तिकडे जायची गरजही नाही.

४. कोणता महिना चांगला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात खाड्यांच्या तोंडाशी पाणी इतकं गोडं होतं की कृमी मिळाले तरी अंडी धड मिळत नाहीत. मार्चनंतर अडचण उन्हाची, तिच्यासाठी प्रश्न १२ पाहा.

५. आम्ही सोलापूरला. समुद्राचं पाणी कुठून आणू? मीठ घालून चालेल?

स्वयंपाकाचं मीठ चालणार नाही. त्यात सोडियम क्लोराइडच आहे. मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे समुद्राचा बाकी ऐवज नाही. मत्स्यालयाच्या दुकानात 'सी सॉल्ट' मिळतं, ते लिटरला साधारण ३५ ग्रॅम घाला. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत काढून रात्रभर हवा सोडा, म्हणजे क्लोरीन जाईल.

क्षारता मोजायला महागडं यंत्र नको. गावात डेअरी असेल तर लॅक्टोमीटर मागा. तोही घनताच मोजतो. समुद्राच्या पाण्यात त्याचा आकडा २३ ते २६ च्या दरम्यान यायला हवा. हे काम ढोबळ आहे, पण वर्गासाठी पुरतं. एका शिक्षिकेनं डेअरीवाल्याला कारण सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे समुद्रात पाणी घातलंय का ते बघताय!" अगदी तेच.

किनाऱ्यावर असाल तर भरतीच्या वेळी, खाडीच्या तोंडापासून लांब पाणी भरा. आधी फडक्यातून, मग फिल्टर पेपरमधून गाळा. उकळू नका, क्षार खाली बसतात.

कृमी आणण्याची रीत सोपी आहे. नळ्यांचा गुंता समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात ठेवा, डबा पाण्यानं भरू नका. रात्रीच्या गाडीनं आणलेले कृमी सकाळी ठणठणीत असतात. पाण्यात कोंबून आणलेले गुदमरतात.

६. नर कोणता, मादी कोणती? अंडी कशी काढायची?

बाहेरून कळत नाही. शोध घ्यावा लागतो.

काचेच्या लहान वाटीत गाळलेलं समुद्राचं पाणी घ्या, एका वाटीत एकच नळी. चिमट्यानं नळीच्या मागच्या टोकापासून, म्हणजे झुपका नसलेल्या बाजूनं, कडकड मोडत पुढे या. कृमी अर्धा उघडा पडला की थांबा. वाटीखाली काळा कागद ठेवा. मिनिटभरात शेपटीकडून एकतर दुधासारखा पांढरा धूर निघतो, तो नर. किंवा फिकट पिवळसर-नारिंगी रव्यासारखे कण ओघळतात, ती मादी. रवा तळाला बसतो, धूर पसरतो. एवढं लक्षात ठेवलं की दहावीचा मुलगाही चूक करत नाही.

पाच मिनिटांत काहीच निघालं नाही तर तो कृमी पिकलेला नाही. त्याला पिळू नका. दहा नळ्या मोडल्या तर चार-पाच कामाच्या निघाल्या म्हणजे दिवस चांगला. सगळे नरच निघाले तर? असं होतं. लहान कृमी बहुधा नर असतात, जाड नळ्या निवडा.

७. फलन कसं करायचं? शुक्राणू भरपूर घातले तर जास्त अळ्या मिळतील ना?

उलट. एका अंड्यात अनेक शुक्राणू शिरले की पेशी वाकड्यातिकड्या फुटतात आणि दुसऱ्या दिवशी हाती गाळ येतो.

पांढऱ्या धुरातला ड्रॉपरभर घेऊन कपभर पाण्यात मिसळा. पाणी जेमतेम धुरकट दिसलं पाहिजे. त्यातले दोन-तीन थेंब अंड्यांच्या वाटीत घाला, हलकेच ढवळा. पंधरा-वीस मिनिटं थांबा. अंडी तळाला बसली की वरचं पाणी ओतून नवं घाला, असं दोनदा. या टप्प्यावर गाळणी नको, अंडी आपणहून बसतात.

दोन-तीन माद्यांची अंडी आणि दोन नरांचे शुक्राणू घ्या. एकाच जोडीवर सगळा वर्ग टांगू नका.

८. किती वेळानं काय दिसतं? तास लावताना कळायला हवं.

हाच प्रश्न सर्वात महत्त्वाचा, कारण अळी कॉलेजच्या घंटेवर वाढत नाही. खालचे आकडे २५ अंश सेल्सियसच्या आसपासचे आहेत. तुमच्याकडे गरम असेल तर सगळं लवकर होईल.

अर्ध्या-पाऊण तासात अंड्याच्या एका टोकाला बारीक बुडबुड्यासारखे ध्रुवपिंड दिसतात. ते दिसले की फलन झालं, निर्धास्त व्हा. तास-दीड तासात दोन पेशी, मग चार. आठ पेशींवर मात्र सगळ्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवा. वरच्या चार पेशी खालच्या चार पेशींच्या नेमक्या डोक्यावर नसतात, थोड्या वळून त्यांच्या खाचांत बसतात. कौलं लावताना वरचं कौल खालच्या दोन कौलांच्या सांध्यावर येतं, तसं. हेच सर्पिल विभाजन. फळ्यावर अर्धा तास घालवूनही जे कळत नाही ते इथे एका नजरेत कळतं.

संध्याकाळपर्यंत गोळे फिरायला लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीत ट्रोकोफोर असते: भोवऱ्याच्या आकाराची, कमरेला केसलांचा (हलणाऱ्या सूक्ष्म केसांचा) पट्टा, डोक्यावर केसांची शेंडी. हे नाव १८७८ मध्ये हाट्शेक या प्राणिशास्त्रज्ञानं रूढ केलं, ग्रीकमध्ये अर्थ 'चाक वाहणारी'. आमच्या मुलांनी तिचं नाव चक्रधर ठेवलंय. पुढे डोळ्याचा लालसर ठिपका येतो. आधी एकच दिसला तर घाबरू नका, दुसरा मागाहून येतो. मग अंगाला तीन खंड पडतात, बाजूला ताठ केस फुटतात, आणि पाचव्या दिवसाच्या आसपास अळी जागा शोधायला तयार होते.

सोमवारी सकाळी आठला फलन केलंत तर आठवडाभरात सगळं दाखवून होतं. शुक्रवारी केलंत तर निम्मी गोष्ट रविवारी घडते आणि ती फक्त वॉचमन पाहतो.

९. स्लाइडवर घेतल्या की सुसाट पळतात. काहीच दिसत नाही.

पळताना आधी पाहा. ४ एक्सच्या भिंगाखाली, उथळ वाटीत, झाकण न ठेवता. चाल कशी आहे, स्वतःभोवती कशी गिरकी घेते, अडथळ्याशी काय करते, हे मेलेल्या स्लाइडवर कधीच कळणार नाही.

मग रोखा. स्लाइडवर कापसाचे चार-सहा धागे विंचरून ठेवा, त्यावर थेंब. अळ्या धाग्यांच्या कप्प्यांत अडकतात. कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांना व्हॅसलीनचे बारीक पाय लावा, नाहीतर अळीचा पापड होतो. थेंब सुकत आला की क्षारता वाढते, म्हणून दहा मिनिटांनी नवा थेंब घ्या.

बाटलीत अळ्या विरळ असतील तर खोलीत अंधार करून एका बाजूनं टॉर्च धरा. लहान अळ्या उजेडाकडे झेपावतात. पाच मिनिटांत काचेशी धुकं जमल्यासारखं दिसतं, तिथूनच ड्रॉपर भरा. वर्गात हा प्रयोग आधी दाखवा. मागच्या बाकावरचेही उठून पुढे येतात.

१०. खायला काय द्यायचं? यीस्ट, दूध, स्पिरुलिनाची पावडर?

तिन्ही नको. पाणी नासतं आणि अळ्यांऐवजी सिलिएट (भराभर धावणारे एकपेशी जीव) वाढतात. अळीला तिच्या तोंडात मावेल असं जिवंत, एकपेशी शैवाल लागतं. आयसोक्रायसिस हे उत्तम. कोळंबी आणि शिंपल्यांच्या बीजोत्पादन केंद्रांत, मत्स्य महाविद्यालयांत ते वाढवलेलं असतं. पत्र लिहून गेलात तर छोटी बाटली मिळू शकते.

प्रयोगशाळांत मिलिलिटरला साठ हजार पेशींच्या आसपास देतात. पेशी मोजायला रक्तपेशी मोजण्याची काचपट्टी चालते. ती नसेल तर अंदाज असा: बाटलीमागे छापील कागद धरा, पाण्याला चहाच्या दुसऱ्या धारेइतकी पुसट सोनेरी झाक यावी, अक्षरं मात्र स्वच्छ वाचता यावीत. अक्षरं धूसर झाली तर जास्त झालं.

अळी खाते की नाही हे विचारायची गरज पडत नाही. काल काचेसारखी असलेली अळी आज पोटात सोनेरी गोळी घेऊन फिरते. ती गोळी आतल्या केसलांमुळे गरगरत असते. ती सगळ्यांनी पाहिल्याशिवाय मी तास सोडत नाही.

११. पाणी बदलताना निम्म्या अळ्या वाहून जातात.

गाळणी पाण्याबाहेर धरून वरून ओतता, म्हणून. पीव्हीसी पाइपचा चार बोटं तुकडा घ्या, एका तोंडाला ४० मायक्रॉनच्या आसपासची नायलॉन जाळी चिकटवा. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडची सगळ्यात बारीक जाळी आणा, भोक सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. ही गाळणी पाणी भरलेल्या थाळीत उभी करा आणि अळ्या हळू ओता, म्हणजे जाळी सतत पाण्यात राहते. एक दिवसाआड पुरे. मिलिलिटरला पाच-दहा अळ्यांहून जास्त गर्दी ठेवू नका. उरलेल्या दुसऱ्या बाटलीत, जादा म्हणून.

१२. आमच्याकडे एसी नाही. एप्रिलमध्ये लॅब ३४ अंशांवर जाते.

परातीत पाणी घ्या, त्यात बाटल्या ठेवा, बाटल्यांभोवती ओलं सुती फडकं गुंडाळा, फडक्याचं टोक पाण्यात. माठ गार होतो त्याच न्यायानं दोन-चार अंश उतरतात. जागा जमिनीवर, उत्तरेच्या भिंतीशी. बर्फ घालू नका, चढउतारानं अळ्या जास्त मरतात. कोकणातल्या दमट हवेत हा उपाय विदर्भाइतका चालत नाही, हेही खरं. तिथे सरळ जानेवारीत करा.

१३. तिसऱ्या दिवशी सगळ्या मेल्या. काय चुकलं?

आधी बाटली विचारात घ्या, मग अळ्या. माझी पहिली तीन वर्षं यातच गेली. पाणी बदललं, शैवाल बदललं, प्रार्थनाही केली. शेवटी कळलं की आमच्या लॅबमध्ये सगळ्या बाटल्या एकाच टबात, फॉर्मलिनच्या नमुना-बरण्यांसोबत धुतल्या जात होत्या. नाकाला वास नाही, पण अळीला तेवढंही पुरतं. तेव्हापासून या कामाची काचभांडी वेगळ्या कपाटात, त्यावर रंगानं 'जिवंत' लिहिलेलं. साबण लावायचा नाही, गरम पाणी आणि स्वच्छ ब्रश.

भांडी निर्दोष असतील तर तळ बघा. तळाला पांढरा मऊ थर आणि त्यात भराभर धावणारे ठिपके असले तर खाणं जास्त झालं (प्रश्न १०). अळ्या जिवंत पण पोट रिकामं असेल तर शैवाल मेलेलं. पहिल्याच दिवशी आकार वाकडे असतील तर प्रश्न ७. सगळं ठीक असूनही मेल्या तर दुसऱ्या बाटलीतून पुन्हा सुरू करा, म्हणून तर ती जादा बाटली.

१४. आठ दिवस झाले. अळ्या तरतरीत आहेत, पण चिकटतच नाहीत!

तुमची काच फार स्वच्छ आहे. ही अळी धुतल्या काचेवर सहसा बसत नाही, तिला जिवाणूंचा बुळबुळीत थर लागतो. होनोलुलूच्या केवालो प्रयोगशाळेत मायकेल हॅडफिल्ड आणि सहकाऱ्यांनी याच कृमीवर अनेक वर्षं काम केलं. स्यूडोआल्टेरोमोनास ल्यूटिओव्हायोलेशिया नावाचा जिवाणू अळीला रूपांतराचा इशारा देतो हे त्यातून कळलं. २०१४ मध्ये त्या इशाऱ्यामागची यंत्रणा समोर आली: जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंच्या शेपटीसारख्या, आकसणाऱ्या सूक्ष्म नळ्यांची जुडगी, जी हा जिवाणू तयार करतो.

वर्गात यासाठी फक्त दोरी लागते. काही स्लाइड आठवडाभर धक्क्याखाली लटकवा, वर चिकटलेलं मोठं काही असेल ते काढून टाका. एका वाटीत अशी एक स्लाइड आणि शेजारी एक कोरी. चोवीस तासांनी मोजा. मुलांना आकडा आधी वहीत लिहायला लावा, मग मोजायला, पैज लागते.

बसण्याआधी अळी पृष्ठभागावर सरपटते, जागा चाचपते, उठते, पुन्हा येते. भाड्याची खोली बघायला आलेल्या माणसासारखी. एकदा ठरलं की मिनिटांत पातळ श्लेष्माची नळी विणते आणि पोहण्याचा पट्टा गळून जातो. दुसऱ्या दिवशी डोक्याशी कल्ल्यांचे कोंब आणि चुन्याच्या नळीची सुरुवात.

समुद्र नसलेल्या गावी थर आणायचा कसा? आणलेल्या कृमींच्या नळ्या ज्या वाटीत ठेवल्या त्याच वाटीत आठवडाभर स्लाइड ठेवा. कमी जमतं, पण जमतं.

१५. प्लँक्टनच्या जाळीत ट्रोकोफोर मिळाली. ती याच कृमीची का?

सांगता येणार नाही. गोगलगायी-शिंपल्यांच्या कुळातही ट्रोकोफोर असते आणि लहानपणी सगळ्या सारख्याच दिसतात. वाढवून बघणं हाच खरा मार्ग. अपवाद एक: लांबलचक केस असलेली, हात लागताच साळिंदरासारखे केस फिस्कारणारी अळी दिसली तर ती बहुधा स्पायोनिड या दुसऱ्या कुळातल्या वलयी कृमीची.

१६. जर्नलमधली आकृती पुस्तकासारखी येत नाही. परीक्षक गुण कापतील का?

काही कापतात, खोटं कशाला बोलू. मी दोन आकृत्या काढून घेतो. एक पाहिलेली: तारीख, वेळ, तापमान, भिंग आणि जे दिसलं तेवढंच. दुसरी पाठ्यपुस्तकातली, 'संदर्भासाठी' असं लिहून. पाहिलेल्या आकृतीत वृक्कक (उत्सर्जनाची नळी) दिसला नसेल तर काढायचा नाही. एका विद्यार्थिनीनं अळीच्या जागी नुसता गोल काढून खाली लिहिलं होतं, "फिरत होती, थांबली नाही." तिला मी पूर्ण गुण दिले.

१७. प्राण्यांवरच्या प्रयोगांना बंदी आहे ना?

विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातलं विच्छेदन थांबवलं. इथे विच्छेदन नाही, वाढवणं आणि पाहणं आहे. तरी नळी मोडताना प्रौढ कृमी दुखावतो, हे मुलांपासून लपवू नका. गरजेपुरत्याच नळ्या मोडा आणि कॉलेजच्या समितीला आधी एक पानाचं पत्र द्या. पत्रात 'प्रयोग'ऐवजी 'निरीक्षण' लिहिलंत तर सही लवकर होते.

१८. उरलेल्या अळ्या समुद्रात सोडायच्या का?

न मोडलेले प्रौढ कृमी ज्या धक्क्यावरून आणले तिथेच परत. दुसऱ्या बंदरात, खाडीत अजिबात नाही. हा प्राणी होड्यांना चिकटूनच जगभर पसरला आहे, आपण त्याला आणखी लिफ्ट द्यायला नको. अळ्यांच्या बाटलीत उकळतं पाणी ओता, दहा मिनिटांनी सिंकमध्ये. आम्ही एक बाटली मात्र ठेवतो. चिकटलेली पोरं असलेली स्लाइड शैवालावर जगते, आणि नशीब असेल तर पुढच्या बॅचला नळ्या मोडायला घरचेच कृमी मिळतात.